नागरी ग्रँड ज्युरी : सामान्य माणसाला कारभार तपासायला कसं शिकवतात?



आजचा विषय थोडा लांबचा आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा. पण तो माझ्यापर्यंत कसा आला ते आधी सांगते, म्हणजे तो आपल्या किती जवळचा आहे हे तुमच्या लक्षात येईल.

"मॅडम, काय बघून सही करू?"

गेल्या वर्षीची गोष्ट. आमची शाळा द्विशिक्षकी. मुख्याध्यापकांचा चार्ज माझ्याकडे, त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीची सचिवही मीच. महिन्याची सभा संपत आली होती. चहा झाला होता. मी नेहमीप्रमाणे रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हटलं, "ताई, इथे सही करा."

समितीवर नव्यानेच आलेल्या एक ताई होत्या. खुरपणीचं काम अर्धवट टाकून सभेला आलेल्या. त्यांनी पेन हातात घेतलं, पोषण आहाराच्या नोंदवहीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "मॅडम, काय बघून सही करू?"

मी म्हटलं, "काही नाही हो ताई, नेहमीचंच आहे." त्यांनी सही केली.

घरी आले तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्या बाईंना प्रश्न पडला होता आणि तो अगदी बरोबर प्रश्न होता. तांदळाचा शिल्लक साठा आणि नोंदवहीतला आकडा जुळतो का, हे बघायचं असतं. पटावरची संख्या आणि जेवलेल्या मुलांची संख्या बघायची असते. हे मी त्यांना दोन मिनिटांत शिकवू शकले असते. मी शिक्षिका आहे, शिकवणं हेच माझं काम! पण मी शिकवलं नाही. सही घेतली.

त्यानंतर पालकांच्या प्रशिक्षणाची तयारी करताना मी शोधत होते, की जगात इतर ठिकाणी साध्या नागरिकांना कारभार तपासायला कोणी शिकवतं का? शिकवतं तर कसं? तेव्हा कॅलिफोर्नियातली 'नागरी ग्रँड ज्युरी' सापडली. चला तर मग, ती नीट समजून घेऊ.

ग्रँड ज्युरी म्हणजे काय?

ज्युरी म्हटलं की आपल्याला कोर्टातला खटला आठवतो. १२ नागरिक बसलेत, दोन्ही बाजू ऐकतात आणि आरोपी दोषी की निर्दोष ते सांगतात. ती झाली खटल्याची ज्युरी.

ग्रँड ज्युरी वेगळी. 'ग्रँड' म्हणजे इथे 'मोठी', कारण तिच्यात माणसं जास्त असतात. तिची मुळं इंग्लंडमध्ये आहेत. राजा दुसरा हेन्री याने ११६६ मध्ये असा नियम केला, की प्रत्येक भागातल्या जाणत्या माणसांनी आपल्या भागातल्या गंभीर गुन्ह्यांच्या संशयितांची नावं शपथेवर सांगावीत. म्हणजे निकाल देण्याचं काम त्यांचं नव्हतंच. "इथे काहीतरी गडबड आहे, याची चौकशी करा," हे सांगण्याचं काम त्यांचं.

पुढे ही पद्धत अमेरिकेत गेली. तिथल्या बहुतेक राज्यांत ग्रँड ज्युरी फक्त गुन्ह्यांचं काम बघते, म्हणजे अमुक माणसावर खटला भरण्याइतका पुरावा आहे का ते ठरवते. कॅलिफोर्नियाने मात्र तिला आणखी एक काम दिलं, ते म्हणजे स्थानिक कारभारावर नजर ठेवण्याचं. दरवर्षी प्रत्येक काउंटीत किमान एक ग्रँड ज्युरी बसवायची, हे त्या राज्याच्या घटनेतच लिहिलेलं आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. अशा ५८ काउंटी तिथे आहेत. म्हणजे दरवर्षी ५८ ठिकाणी साधी माणसं सरकारी दप्तर उघडून बसतात!

बहुतेक काउंटींत ज्युरीत १९ सदस्य असतात. लॉस एंजेलिस काउंटी फार मोठी, तिथे २३. वर्ष सुरू होतं १ जुलैला आणि संपतं ३० जूनला.

सदस्य कोण होऊ शकतं?

अटी वाचल्या तर आश्चर्य वाटेल, इतक्या साध्या आहेत.

- अमेरिकेचं नागरिकत्व आणि वय १८ पूर्ण.
- त्या काउंटीत किमान एक वर्ष वास्तव्य.
- इंग्रजीचं पुरेसं ज्ञान.
- सर्वसाधारण बुद्धी, विवेक आणि चांगलं चारित्र्य.
- सध्या निवडून आलेल्या पदावर नसावं. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेलं नसावं.

बघा, पदवीची अट नाही. वकील असण्याची नाही. हिशेबनीस असण्याची नाही. कायदा 'सर्वसाधारण बुद्धी' मागतो, असाधारण नाही! मला हे फार आवडलं.

इच्छुक अर्ज करतात. न्यायालय अर्ज तपासतं, बऱ्याच ठिकाणी न्यायाधीश मुलाखतीही घेतात. मग पात्र लोकांच्या नावांतून चिठ्ठी काढून ज्युरी ठरते. त्यांच्यातल्या एकाला न्यायाधीश प्रमुख नेमतात आणि सर्वांना शपथ देतात.

मानधन किती? राज्याच्या कायद्यात दिवसाला १५ डॉलर आणि प्रवासखर्च. काही काउंटी जास्त देतात. अमेरिकेच्या मानाने ही रक्कम अगदीच किरकोळ आहे. त्यात काम वर्षभराचं, आठवड्यातून कित्येक तास जाणार. त्यामुळे सदस्यांत निवृत्त लोकांची संख्या बरीच असते. नोकरी करणारी तरुण माणसं, लहान मुलांच्या आया, रोजंदारीवरचे लोक तिथे कमी दिसतात. या पद्धतीची ही मोठी उणीव आहे आणि तिथले लोक स्वतःच ती बोलून दाखवतात. आपल्या त्या ताई खुरपणीचा अर्धा रोज बुडवून सभेला आल्या होत्या, हे इथे आठवतं.

काय तपासायचं, काय नाही?

ज्युरीच्या कक्षेत येतात काउंटीची कार्यालयं, शहरांच्या नगर परिषदा, पाणीपुरवठा, अग्निशमन, सांडपाणी अशा कामांसाठीची खास मंडळं आणि शाळांची मंडळंसुद्धा. काउंटीतल्या सार्वजनिक तुरुंगांची स्थिती आणि व्यवस्थापन यांची चौकशी तर दरवर्षी करावीच लागते. बाकीचे विषय ज्युरी स्वतः ठरवते. नागरिक तक्रारअर्ज पाठवू शकतात, पण प्रत्येक अर्जाची चौकशी केलीच पाहिजे असं बंधन नाही.

कक्षेबाहेर काय? राज्य आणि केंद्र सरकारची खाती, न्यायालयं, खासगी कंपन्या.

एक बारीक भेदही लक्षात घेण्यासारखा आहे. ज्युरी धोरण ठरवत नाही, कारभाराची पद्धत तपासते. उदाहरणार्थ, शाळेत कोणता विषय शिकवावा हे ज्युरी सांगणार नाही. पण शाळेच्या मंडळाने इमारत दुरुस्तीचे पैसे ठरलेल्या पद्धतीने खर्च केले का, हे जरूर बघेल.

प्रशिक्षण : कायद्यातच लिहिलेलं

आता येतो आपल्या शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा भाग.

ज्युरीला प्रशिक्षण मिळालं पाहिजे, हे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्पष्ट आहे. ती जबाबदारी न्यायालयाची. प्रशिक्षण ठरवताना न्यायालयाने सरकारी वकिलांशी आणि किमान एका माजी ज्युरी सदस्याशी विचारविनिमय करायचा. प्रशिक्षणात तीन गोष्टी हव्यातच : अहवाल लेखन, मुलाखती घेणं आणि ज्युरीच्या जबाबदारीची व्याप्ती.

'किमान एक माजी सदस्य' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो स्वतः त्या खुर्चीवर बसून गोंधळला होता, त्यालाच माहीत असतं की नवा माणूस कुठे अडखळतो. माजी सदस्यांची राज्यभर काम करणारी एक स्वयंसेवी संघटनाही आहे. ती दरवर्षी नव्या सदस्यांसाठी प्रशिक्षणवर्ग घेते. आपल्याकडे तज्ज्ञ मार्गदर्शक जिल्ह्याहून येतात, पीपीटी दाखवतात आणि जातात. पण मागच्या समितीतल्या एखाद्या अनुभवी पालकाला आपण कधी बोलायला उभं करतो का? मी तरी केलं नव्हतं.

या प्रशिक्षणातले मला महत्त्वाचे वाटलेले धडे एकेक करून बघू.

धडा पहिला : मी एकटा कोणी नाही

सदस्याला एकट्याने काहीही करण्याचा अधिकार नाही. एकट्याने कार्यालयात जाऊन "मी ज्युरीतला आहे, फाईल दाखवा" असं म्हणता येत नाही. अधिकार आहे तो सगळ्या ज्युरीला मिळून. १९ जणांच्या ज्युरीत अहवाल मंजूर व्हायला किमान १२ मतं लागतात. साधं बहुमत, म्हणजे १०, पुरत नाही. त्यामुळे कोणाच्या मनातला जुना राग अहवालात सहज शिरत नाही. आणि ज्याचा नातेवाईक किंवा व्यवहार त्या खात्याशी जोडलेला असेल, त्याने त्या चौकशीतून बाजूला व्हायचं.

धडा दुसरा : तोंड बंद

चौकशी पूर्ण गुप्त असते. घरी नवऱ्याला, बायकोलासुद्धा सांगायचं नाही. ज्युरीत काय बोलणं झालं, कोणी कसं मत दिलं, हे बाहेर फोडणं हा गुन्हा आहे. वर्ष संपल्यावरही गुप्तता सुटत नाही. साक्षीदारांची ओळखही अहवालात उघड होऊ द्यायची नाही.

का बरं एवढी कडक गुप्तता? विचार करा, कार्यालयातला एखादा कारकून साहेबांच्या विरोधात खरं बोलणार कधी? आपलं नाव बाहेर जाणार नाही याची खात्री असेल तेव्हाच. शिवाय चौकशीत काहीच निघालं नाही, तर त्या अधिकाऱ्याची उगाच बदनामी नको. म्हणजे गुप्तता दोघांनाही सांभाळते.

धडा तिसरा : प्रश्न विचारण्याची कला

मुलाखत एकट्याने घ्यायची नाही. किमान दोघं तरी हवेत. एक विचारणार, दुसरा टिपणार. प्रश्न आधी लिहून आणायचे. प्रश्न उघडे हवेत. "तुम्ही निविदा न मागवताच काम दिलंत ना?" हा प्रश्न नाही, हा आरोप आहे. "हे काम कोणाला द्यायचं हे कसं ठरलं, ते सांगाल का?" हा प्रश्न. पहिल्याला 'नाही' एवढंच उत्तर येईल. दुसऱ्याला माणूस पाच मिनिटं बोलेल.

आणि विचारून झालं की गप्प बसायचं, ऐकायचं. दुसऱ्या साक्षीदाराने काय सांगितलं ते याला कळू द्यायचं नाही. शिक्षकांनो, वर्गात हेच आपल्याला जमत नाही, हो की नाही? प्रश्न विचारतो आणि तीन सेकंदात उत्तरही आपणच देऊन टाकतो.

धडा चौथा : तीन बाजूंनी पडताळा

एकाने सांगितलं म्हणून ते खरं मानायचं नाही. कागद काय म्हणतो? माणसं काय म्हणतात? आणि प्रत्यक्ष जागेवर काय दिसतं? या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळवून बघायच्या. जुळल्या तर ती वस्तुस्थिती. नाही जुळल्या तर आणखी खोदायचं.

आपल्या पोषण आहाराचंच घ्या ना. नोंदवही म्हणते ४५ किलो तांदूळ शिल्लक. स्वयंपाकीण ताई म्हणतात, "आठवडाभर पुरेल बाई." आणि खोलीतल्या पोत्याचं वजन? ते कोण करतं?

धडा पाचवा : वस्तुस्थिती, निष्कर्ष, शिफारस

अहवाल लेखनाचा हा गाभा आहे. तीन पायऱ्या आणि त्या याच क्रमाने. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका शहराच्या अग्निशमन गाड्यांबद्दल तक्रार आली.

- वस्तुस्थिती : दप्तरानुसार १० पैकी ४ गाड्यांची वार्षिक तपासणी गेल्या वर्षी झाली नाही.
- निष्कर्ष : तपासणीचं वेळापत्रक पाहण्याची जबाबदारी कोणा एकावर नसल्याने तपासणी राहून जाते आणि त्यातून नागरिकांच्या जिवाला धोका संभवतो.
- शिफारस : नगर परिषदेने ३१ डिसेंबरपर्यंत या कामासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा.

वस्तुस्थितीशिवाय निष्कर्ष नाही, निष्कर्षाशिवाय शिफारस नाही. शिफारशीत कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ते स्पष्ट हवं. "प्रशासनाने योग्य ती दखल घ्यावी" असं लिहिलं तर काय होतं, हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे!

अहवाल दिल्यावर पुढे काय?

ज्युरीला कोणाला दंड करता येत नाही. शिफारस मानायलाच लावता येत नाही. मग उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल.

उपयोग असा, की उत्तर द्यावंच लागतं. नगर परिषद किंवा मंडळ असेल तर ९० दिवसांत. निवडून आलेला काउंटी अधिकारी असेल तर ६० दिवसांत. तेही लेखी. उत्तराचा साचाही कायद्याने ठरवलाय. प्रत्येक निष्कर्षाला म्हणायचं, सहमत आहोत किंवा पूर्णतः वा अंशतः असहमत आहोत, आणि असहमत असाल तर कारण द्यायचं. प्रत्येक शिफारशीला चारपैकी एक उत्तर : अंमलबजावणी केली, अमुक काळात करू, आणखी अभ्यास हवा, पण तो जास्तीत जास्त सहा महिन्यांत, किंवा करणार नाही, कारण अमुक. अहवाल आणि उत्तरं दोन्ही लोकांसमोर खुली असतात.

मला यातली 'करणार नाही' म्हणायची मोकळीक फार अर्थपूर्ण वाटते. नाही म्हणा, पण कारण लिहून द्या. मौन हा पर्याय नाही. आपले किती अर्ज आवक क्रमांक घेऊन मौनातच विरून जातात!

अर्थात पळवाटा आहेतच. 'आणखी अभ्यास हवा' हे उत्तर वेळ काढायला वापरलं जातं. ज्युरीचं वर्ष ३० जूनला संपतं आणि उत्तरं बऱ्याचदा त्यानंतर येतात. तेव्हा जुने सदस्य घरी गेलेले असतात. नव्या ज्युरीने मागची उत्तरं वाचून पाठपुरावा केला तरच काम पुढे जातं.

एक खरी घटना : सांता क्लारा काउंटी

ही सगळी पद्धत कागदावरचीच आहे का? नाही.

सॅन होजे, सनीव्हेल, कुपर्टिनो ही शहरं ज्या सांता क्लारा काउंटीत आहेत, ती आपल्याला परकी नाही. आपल्या गावाशहरातली किती मुलं-मुली तिथे संगणक कंपन्यांत नोकरीला गेली आहेत. त्यांच्यातले जे तिथले नागरिक झालेत, तेही या ज्युरीसाठी अर्ज करू शकतात.

या काउंटीत २०२१ च्या डिसेंबरमध्ये नागरी ग्रँड ज्युरीने शेरीफ लॉरी स्मिथ यांच्यावर भ्रष्टाचार आणि जाणूनबुजून केलेल्या गैरवर्तनाचे औपचारिक आरोप ठेवले. शेरीफ म्हणजे तिथला निवडून आलेला पोलीसप्रमुख आणि तुरुंगांचाही प्रमुख. मुख्य मुद्दा होता बंदूक लपवून बाळगण्याच्या परवान्यांत केलेली मेहेरनजर. अशा आरोपांवर खटला चालतो आणि दोषी ठरल्यास पद जातं. २०२२ मध्ये खटला चालला. निकालाच्या काही दिवस आधी, ऑक्टोबर अखेरीस, त्यांनी पद सोडलं. तरी ३ नोव्हेंबरला खटल्याच्या ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं.

इथे दोन्ही ज्युरींतला फरक स्पष्ट दिसतो. आरोप ठेवले ते एका ज्युरीने, निकाल दिला तो दुसऱ्या. जो बोट दाखवतो त्यानेच शिक्षा ठरवायची नाही.

दुसरी घटना त्याच काउंटीतली, त्याच वर्षीची. नगर परिषदेतल्या काही सदस्यांचे 'फोर्टी नाइनर्स' या फुटबॉल संघाशी असलेले संबंध, यावर ज्युरीने अहवाल तयार केला. कायद्यानुसार अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वी कामकाजाचे किमान दोन दिवस आधी संबंधित संस्थेला तो दाखवतात आणि तोवर तो कोणी बाहेर द्यायचा नसतो. पण एका नगरसेवकाने तो आधीच बाहेर दिला आणि नंतर शपथेवर खोटं बोलला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याला त्याबद्दल दोषी ठरवण्यात आलं. गुप्ततेचा धडा किती खरा असतो बघा!

आणि आपल्याकडे?

ग्रँड ज्युरी हा शब्द मुंबईला नवा नाही. इंग्रजी अमलात मुंबईच्या वरिष्ठ कोर्टात गुन्ह्यांसाठी ग्रँड ज्युरी असे, पण तिच्यावर बसण्याचा मान आधी ख्रिस्ती लोकांनाच होता. १८३२ च्या कायद्याने हिंदू, मुसलमान, पारशी यांनाही तो खुला झाला. त्याकाळी ही मोठीच गोष्ट होती. पुढे ग्रँड ज्युरी गेली. खटल्याची ज्युरी उरली होती, तिचं नाव आजही १९५९ च्या नानावटी खटल्यामुळे निघतं. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, पण उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. आपली ज्युरी पद्धत यानंतर हळूहळू संपली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

पण नागरिकांनी कारभार तपासण्याची साधनं आपल्याकडे नाहीत असं मुळीच नाही. माहिती अधिकार कायदा आहे, २००५ चा. रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करायचं, हे कायद्यात आहे. आणि शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला. शाळेला मिळालेलं अनुदान कसं वापरलं जातं यावर लक्ष ठेवणं, हे तिचं काम कायद्यातच लिहिलंय.

एका बाबतीत तर आपली समिती कॅलिफोर्नियाच्या पुढे आहे. तिथे वेळ असलेली, निवृत्त माणसं जास्त. आपल्याकडे ज्यांची मुलं त्या शाळेत शिकतात, जेवतात, ते आई-बापच तपासणारे! अधिकार आहे, प्रतिनिधित्व आहे. कमी पडतं ते शिकवणं. आणि शिकवण्याची नोकरी तर आपलीच आहे.

वर्गात केलेला छोटा प्रयोग

हे वाचल्यावर मी चौथीच्या मुलांबरोबर एक उपक्रम केला. नाव दिलं 'छोटी ज्युरी'. विषय : आपल्या शाळेची पाण्याची टाकी. सात मुलं निवडली, चिठ्ठ्या टाकून. हुशार मुलंच नकोत, हे ठरवूनच.

नियम चार. एकट्याने काही करायचं नाही. चौकशी संपेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. तीन ठिकाणी पडताळायचं. सातपैकी पाच जणांना पटलं तरच लिहायचं.

मुलांनी टाकीवर रंगाने लिहिलेली धुतल्याची तारीख वहीत उतरवली. शिपाईकाकांची मुलाखत घेतली. मी शिडी धरून उभी राहिले आणि दोघांनी आत डोकावून बघितलं. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, "काका आळशी आहेत, म्हणून टाकी घाण आहे."

मी विचारलं, "आळशी आहेत हे तुम्ही कुठे पाहिलं?"

बराच वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "काका म्हणाले होते, टाकीला चढायला त्यांचा गुडघा दुखतो. आणि धुवायची तारीख कोणीच ठरवून दिली नाही." मसुदा बदलला. शेवटी शिफारस आली : दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी टाकी धुवावी, तारीख फळ्यावर लिहावी, काकांना एक मदतनीस द्यावा.

त्यांनी ती शिफारस मला दिली आणि म्हणाले, "मॅडम, उत्तर लेखी पाहिजे." मी दिलं. दोन शिफारशी मान्य. मदतनिसासाठी पैसे नाहीत, म्हणून तिसरी नामंजूर. तेव्हापासून तारीख फळ्यावर लिहिली जाते आणि चुकली की मुलं मला आठवण करतात.

तुमच्याही शाळेत करून बघा. विषय लहान घ्या : ग्रंथालयाची पुस्तकं, खेळाचं साहित्य, स्वच्छतागृह. एक काळजी मात्र घ्या. माणसावर बोट नको, व्यवस्थेवर असू द्या.

शेवटी त्या ताईंबद्दल

पुढच्या सभेला मी रजिस्टर काढायच्या आधी अर्धा तास मागून घेतला. समितीच्या सर्व सदस्यांना तीन गोष्टी दाखवल्या : नोंदवहीतला शिल्लक आकडा कुठे असतो, पटसंख्या आणि उपस्थिती कशी जुळवायची, आणि पोत्याचं वजन. काटा शेजारच्या दुकानातून आणला.

खरं सांगू? वजन करताना माझ्याच पोटात गोळा आला होता. आकडा आणि साठा यांत तीन किलोंचा फरक निघाला. एका दिवसाची नोंद माझ्याकडूनच राहिली होती. सगळ्यांसमोर ती दुरुस्त केली, कारण लिहिलं. त्या ताईंनी ते वाचलं आणि मग सही केली. मला लाज वाटायला हवी होती. पण हलकं वाटलं. नोंदवहीचं सगळं ओझं इतके दिवस माझ्या एकटीवर होतं, आता ते बघणारी आणखी माणसं होती.

तपासणारा नागरिक आपला शत्रू नसतो. तो शिकलेला नसला तर शत्रू वाटतो, कारण तो एक तर आंधळेपणाने सही करतो किंवा आंधळेपणाने आरोप करतो. शिकलेला असला तर तो प्रश्न विचारतो, कागद बघतो आणि मग सही करतो.

तुमच्या शाळेची पुढची समिती सभा कधी आहे? रजिस्टर पुढे सरकवण्याआधी फक्त दहा मिनिटं काढा आणि एकच गोष्ट शिकवा : काय बघून सही करायची. पालकहो, तुम्हाला कोणी शिकवलं नाही तर न लाजता विचारा. तो तुमचा अधिकार आहे.

लेख आवडला असेल तर आपल्या समितीतल्या पालकांना जरूर वाचून दाखवा.